किरकोळ

विमान पाच पंचावन्नचं.
दिगंबर दुधाच्या बिलाच्या पाठीवर
उलटं गणित मांडून बसलाय, शेवटाकडून घराकडे.
भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर,
अजूनही रेघ मारायला पट्टी घेतो.

दार बंद होणार साडेपाचला.
तपासणीची रांग: चाळीस.
ट्रॉलीचं चाक अडकलं तर: पाच.
बॅग देणे: वीस, वर दहा,
कारण आपल्या पुढे एक कुटुंब असतंच
पेटी सोडून पुन्हा बांधणारं.
कोथरूड ते लोहगाव पन्नास,
येरवड्याला नाकाबंदी असेल तर पंधरा,
टॅक्सीला आपली गल्ली सापडेपर्यंत वीस,
ती आलीच नाही, दुसरी बोलावली, तर तीस,
लिफ्ट बंद पडली तर पंधरा.

भाचा फोनवर हसतो:
मामी, हल्ली चेहरा दाखवला की दार उघडतं, तास खूप झाला.
टिपणीस वहिनी म्हणतात, चार तास. डोळे मिटून चार.
गेल्या दिवाळीत त्यांचं विमान
त्यांच्या डोळ्यांदेखत मागे सरकलं होतं.
ज्याला जसा चटका, तसे त्याचे तास.

हा तर स्वतःच्या लग्नाला
हॉलचं कुलूप उघडायच्या आधी पोचला होता.
वॉचमनला वाटलं केटररचा माणूस,
नारळांची दोन पोती उतरवून घेतली.
आणि मी, आयुष्यभर सुटत्या बसचा मागचा दांडा धरलेली,
चोपन्नाव्या वर्षी कोचीला निघालेय,
बँकेची शाखा सांभाळायला, दोन वर्षं, एकटी.
बदली माझी, ऑर्डरवर नाव माझं,
घाई मात्र त्याची.

गणितात एक ओळ उरली होती.
किरकोळ: पंचवीस.
हे काय रे?
"लागतात," म्हणाला,
आणि पेनाचं टोपण शोधू लागला,
जे पेनाच्या मागेच होतं.

एक चाळीसला निघालो.
लिफ्ट चालू. टॅक्सी दारात.
कर्वे रस्त्यावर सिग्नल नुसतेच पिवळे मिचकावत,
संगमवाडीचा पूल आला कधी, गेला कधी,
येरवड्याला पोलीस नाही, कुत्रं नाही.
नाझीमने सव्वीस मिनिटांत आणून सोडलं
आणि वर मीठ म्हणून म्हणाला, "बघा काका, रस्ता रिकामा."

इतकी मिनिटं उरली
की ठेवायची कुठे कळेना.
शेजारी कुणाला तरी दुबईला सोडायला आलेली अकरा माणसं
एकच हार आळीपाळीने घालून फोटो काढत होती.
मी म्हटलं, बीपीची गोळी निळ्या डबीत.
तो म्हणाला, सिलिंडर बाराला येईल.
गिझर बंद करत जा.
कढीपत्त्याला मी घालीन पाणी.
चार मिनिटांत संपलं सगळं.

मग नुसते उभे,
ट्रॉलीच्या दांड्यावर दोघांचे हात,
त्याचा घड्याळवाला, माझा मेंदीच्या तेलाचा वास लागलेला.
तेहतीस वर्षांत इतका वेळ
काही न करता शेजारी उभे राहिलो नव्हतो,
रेशनच्या रांगेतसुद्धा नाही.

साडेतीनला त्याने मनगट पाहिलं.
"जा आता. उशीर होईल."

आत जाऊन काचेतून वळून पाहिलं.
त्याने खिशातून बिल काढलं होतं,
खांबाला टेकवून शेवटच्या ओळीवर काट मारली,
पंचवीसच्या जागी काहीतरी लिहिलं.
आकडा होता की शब्द,
तिथून वाचता आलं नाही.