अळवावर थांबलेलं पाणी

पान तिनं माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं,
डब्याशेजारी, पालथं.
"लॅबवाला ना तू? बघ, काय झालाय याला."

माहुलच्या नाल्यापलीकडे
यशोदीबाई वैतीची अळवाची पट्टी,
बाजूला मुळा, कडेला लाल माठ,
आणि वारा फिरला की
या सगळ्यावर आमची चिमणी.

मी पान सुलटं केलं.
शिरांच्या मधेमधे तपकिरी ठिपके,
फोडणीची मोहरी उडून हातावर बसावी तसे.
एका ठिपक्यातून बोट आरपार गेलं.

म्हणालो, करपा. औषध मार.
तिनं मारलं. पैसे घालून मारलं.
पुढच्या श्रावणात
तेच टेबल, तसंच पान.

मग एका रात्रपाळीला मी
खोकल्याच्या औषधाची बाटली
तीन पाण्यांनी विसळून गच्चीवर उघडी ठेवली.
पहाटे कागद बुडवला.
वीस वर्षं रंग जुळवतोय,
तक्ता लागत नाही मला.
चार. फार तर चार आणि थोडं.
टोमॅटोच्या साराइतकं आंबट.
जिभेला काहीच नाही ते.
पानाला आहे.

पानावर मेणाचा हात फिरवलेला असतो,
नखानं खरवडला तर निघेल इतका पातळ.
पाऊस आधी तोच काढतो.
मग आत उतरतो,
पानाच्या अंगातला चुना धुऊन नेतो,
आणि हिरवं रांधणारी चूल
एकेका ठिपक्यापुरती विझत जाते.

चेंबूरच्या बाजारात बायका
वडीचं पान उजेडाला धरतात.
उजेड अलीकडे येतो.
जुडी परत टोपलीत.

परवा तिच्या पट्टीत उभा होतो.
तिनं सहज हात धुतले,
उरलेलं ओंजळभर पाणी पानावर सोडलं.
त्याचा मोती झाला नाही. घरंगळलं नाही.
पसरलं, आणि बसून राहिलं
मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं.
अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणारं,
हे शाळेत पाठ केलेलं मी.

ती म्हणाली,
"यंदा मुळाच जास्त लावते. तो बिचारा
जमिनीत लपून असतो."
पाऊस जमिनीतही जातो,
मुळ्यालाही वर पानं असतात,
हे तिला मी सांगायचं होतं.
म्हणालो, लाव.

बाटली अजून फडताळात आहे.
चिठ्ठीवर तारीख.
पाळी माझीच.

जाताना तिनं एक जुडी दिली, पैसे न घेता.
बायकोनं ठिपके कात्रीनं कापून टाकले,
उरलं त्याचं फदफदं केलं,
शेंगदाणे घातले, मुळ्याच्या चकत्या घातल्या,
खाजू नये म्हणून चिंचेचा कोळ
जरा सढळ हातानं.

चिंच बरोबर होती.
घसा खाजलाच.