हेलपाटे

कालव्याच्या काठाला, टॉडमॉर्डनमध्ये,
खाली चिप्सवाला, वर माझी खोली
आणि पोटं उघडी टाकलेले सतरा संगणक.
फोन आला तेव्हा मी डबा खात होते.
"हेबल्थ्वेट बोलतोय. बाण गरगरतो.
मार्चपासून. वाटलं, दमून थांबेल आपोआप."

घर चढावर. पंचावन्न पायऱ्या,
काळ्या दगडी रांगेतलं शेवटचं.
"बंद करून पुन्हा चालू केलंत?" मी विचारलं,
विचारावंच लागतं.
"पोरी, तेहतीस वर्षं या कालव्याची दारं
उघडली आणि मिटली मी."

बसले. निळं कडं
फिरलं, फिरलं, थांबलं.
बाण झाला बाण.
हात लावते न लावते तोच पुन्हा कडं.
आमच्याकडे याला चकवा म्हणतात, मी सांगितलं,
माणूस रात्रभर चालतो
आणि उजाडताना त्याच बाभळीखाली असतो.
"आमच्या माळावरही होतं तसं," ते म्हणाले,
"पण आम्ही धुक्याला शिव्या देतो."

माउस बदलला. धूळ झटकली.
व्हायरस शोधला,
निघाल्या बागेतल्या खुर्च्यांच्या जाहिराती.
सेफ मोडमध्ये बाण गुणी बाळासारखा निजला,
म्हणजे दुखणं यंत्राचं नव्हे.
यंत्राबरोबर दुसरं कोणीतरी उठतंय.

टास्क मॅनेजरची यादी
उकळत्या डाळीसारखी खालीवर होत होती.
दर चार सेकंदांनी एक ओळ
वर यायची आणि वाचेपर्यंत बुडायची.
शेवटी फोनवर तिचं चित्रण केलं,
सावकाश करून पाहिलं:
स्टिचलिंक.

हेबल्थ्वेट चहाचा कप घेऊन उभे होते.
उभेच राहिले.
"ऑड्रीचं," म्हणाले.
"भरतकामाचं मशीन होतं तिचं, याला जोडलेलं.
पडद्यावर फूल काढायची, तिकडे सुई ते शिवायची."
टेबलामागे वाकून पाहिलं.
एक करडी वायर,
टोकाला काही नाही.
मशीन मार्चमध्येच चॅरिटी शॉपला गेलं होतं,
तिच्या कोटांच्याही आधी,
कारण ते जड होतं आणि वाटेत यायचं.

तर असं चाललं होतं.
प्रोग्रॅम उठायचा,
वायरीच्या टोकापर्यंत जायचा,
आहेस का?
परत यायचा. टेकायचा. निघायचा.
गाढव मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, म्हणतात.
इथं ओझं तर कधीच उतरवलेलं.
शिंगरू तेवढं चालत होतं.

मनात हिशेब केला: दिवसाला एकवीस हजार सहाशे.
माणसाचे श्वासही रोज तेवढेच,
असं साताऱ्याला आमच्या समोरचे योगाचे सर सांगायचे.
मी कधी मोजले नाहीत.
हेबल्थ्वेटना हे बोलले नाही.

"काढून टाकू?"
बाण अनइन्स्टॉलवर नेला,
तर तो नेमका तेव्हाच गरगरायला लागला.
दोघंही बघत राहिलो.
चार सेकंद फार मोठे असतात
दुसऱ्याच्या घरात.

"त्याला," ते खाकरले,
"जरा कमी वेळा विचारायला लावता येतं का?"

असं बटण त्या प्रोग्रॅममध्ये नव्हतं.
पण सुरुवातीच्या यादीतून त्याला काढलं
आणि वेळापत्रकात टाकलं:
दर रविवारी, दुपारी चार, एकदाच.
"चार?" मी पुन्हा विचारलं.
"जेवणाची भांडी झाली की बसायची ती," ते म्हणाले.
"मी तेव्हा फुटबॉल बघायचो. आवाज मोठा करून.
मशीनचा त्रास व्हायचा."

बाण स्थिर झाला, नुसता बाण.
त्यांनी तो खिडकीकडे नेला, कोपऱ्यात नेला, परत आणला,
नव्या सायकलवर पोरगं फेरी मारतं तसा.
वीस पौंड ठरले होते.
सुटी नाणी मोजून दिली, एक पेन्स जास्त झाला
तो परत मागून घेतला.

रविवारी मी लाँड्रीत होते.
चारला घड्याळ पाहिलं. उगाच.

सोमवारी फोन.
"बाण झकास आहे. पण प्रिंटर आता
काहीही सांगितलं तरी कोरा कागद देतो."
शाई संपली असेल, म्हटलं.
"शक्य आहे," ते म्हणाले, आणि फोन ठेवेनात.

येते, म्हटलं.
पंचावन्न पायऱ्या.