डेलिया

ऑक्टोबरचं ऊन जरा नरमलं
की दिवाणाखालचं घमेलं ओढून काढते.
वाळूत पुरलेले कंद,
रताळ्यांसारखे, सुरकुतलेले,
सत्तेचाळीस अंशांचा उन्हाळा पचवून
आता डोळा उघडायच्या बेतात.

निमगडे गार्ड अजनीहून सायकलने येतात,
चष्मा कपाळावर, खिशात सुतळीचं रीळ.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली
तरी कुंड्या डब्यांसारख्या मोजतात,
पहिल्यापासून शेवटापर्यंत, मग उलट.
'ढेप भिजू घाला, बाई. जवसाची. आठ दिवस.'
ते आठ दिवस अख्खी बिल्डिंग नाकाला पदर लावते.
तिसऱ्या मजल्यावरच्या तराळे वहिनी
माझ्याशी बोलणं सोडतात ते थेट जानेवारीपर्यंत.
मग फुलांसोबत फोटो काढायला वर येतात.

डिसेंबरात, थंडीनं नळ हाताला चावतो तेव्हा,
कळ्या धरतात. एकेका शेंड्याला तीन:
मधली मोठी,
दोघी तिच्या खांद्याला खांदा लावून.
'बाजूच्या खुडा,' निमगडे सांगतात.
'आजच. वाटाण्याएवढ्या आहेत तोवर.
सगळी ताकद एकीलाच जाऊ द्या,
मग पाहा, ताटाएवढं फूल.'

मी खुडते.
नख लावलं की कट् होतं,
कोवळी काकडी मोडावी तसं.
नखात हिरवं राहतं,
भाकरी थापतानाही दिसतं.
एकदा खुडलेल्या कळ्या वाटीत पाणी घालून ठेवल्या.
चौथ्या दिवशी एकीनं
एक पाकळी बाहेर काढून पाहिली.
तेवढीच.

आबांनी असंच सांगितलं होतं, चुलीजवळ बसून,
फार मोठ्यानं नाही:
फी एकीचीच भरता येते.

मी कॉलेजात गेले, मग बँकेत, मग कॅशियरच्या खुर्चीत.
अन्सा सातवीतून उठली
आणि कामठीत सुपात तेंदूपान घेऊन बसली.

जानेवारीत ती आली. गच्चीत
वांगी रंगाचं फूल नुकतं पुरं उघडलं होतं,
आदल्या रविवारी प्रदर्शनात दुसरं आलेलं,
बक्षीस स्टीलचा डबा.
तिनं फुलाखाली तळवा धरला,
बाळाचं डोकं धरतात तसा.
'केवढं व माय!'
मग नाक जवळ नेलं.
'वास नाही याले?'
'डेलियाला नसतो.'
'आन् काठी काहून बांधली?'
'स्वतःचं वजन पेलत नाही त्याला.'
ती हसली नाही. फुलाकडे पाहत राहिली,
तंबाखूनं पिवळी झालेली तिची नखं
त्या वांगी पाकळ्यांखाली.
मी माझी पदरात घेतली.

मार्चात एक कंद नेला तिनं,
पेपरात गुंडाळून, पिशवीत भाजीखाली.
पुढच्या थंडीत फोन:
'तेलाच्या पिप्यात लावला, ताई. अकरा फुलं!'
'बाजूच्या कळ्या खुडल्या नाहीस?'
'काहून खुडू?'
मला उत्तर पाठ होतं.
ताकद, एक दांडी, ताटाएवढं.
फोनमध्ये तिच्या गल्लीतला बोंबील विकणारा ओरडत होता.
'बरं केलंस,' म्हटलं.
'लहान हायेत पण,' ती म्हणाली.
'शेजारच्या पोरीनं दोन नेली शाळेत.'

या वर्षी कोपऱ्यातल्या कुंडीला
मी हात लावलेला नाही.
आडवीतिडवी वाढली आहे,
कुठल्या कळीचं तोंड कुठे, मेळ नाही.
निमगडे मोजत येतात, तिच्यापाशी थांबतात,
चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतात.
'बाई, ही गाडी बक्षिसापर्यंत जात नाही.'
'माहीत आहे.
कामठीला थांबते.'

ते काही विचारत नाहीत.
सुतळीचं रीळ पुन्हा खिशात घालतात
आणि उलट्या बाजूनं
मोजायला लागतात.