तासाच्या ठोक्याला

सही वकिलाकडे झाली, मंगळवारी,
कॉफी गार व्हायच्या आत.
टेनेसीहून आलेला माणूस खरंच सज्जन होता.
त्यानं आधी टोपी काढली, मग आकडा सांगितला,
आणि मनोऱ्याखालच्या वाळल्या गवताकडे बघत म्हणाला,
इथं प्रभूचं काम होईल.
व्हर्लिननं नुसती मान हलवली.
स्टेशन त्याच्या बापाचं. कर्ज त्याचं स्वतःचं.
एएम ऐकतं कोण आता, असं बँक तीन वर्षं विचारत होती.

देवाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते.
सेंट वेन्सेस्लॉसच्या तिसऱ्या बाकाला
माझ्या बसण्याचा खळगा पडलाय.
पण एकतीस वर्षं, सकाळी सव्वानऊला,
मी त्या खोलीत बसून वाचत आले:
कुणाची तपकिरी कालवड कुंपण मोडून गेली,
कुणाला वापरलेला पाळणा हवाय, शक्यतो लवकर,
आणि मग, घसा साफ करून, गेलेल्यांची नावं.
शेवटच्या नावानंतर आणि पोलका सुरू व्हायच्या आधी
एक श्वास थांबायचं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता खोलीत कुणी नसतं.
छपरावर एक तबकडी बसवलीय,
पाखराच्या पिलासारखी, आकाशाकडे चोच उघडून.
पडायचं ते वरूनच पडतं.
उपग्रहावरून मेंढरं हाकायची म्हणजे बघ, म्हणतो व्हर्लिन,
आणि हसता हसता खोकत राहतो.
त्याला ठेवलंय त्यांनी. गवत कापायला,
आणि मनोऱ्यावरचा लाल दिवा गेला तर कळवायला.

नोव्हेंबरात एमिल हाव्रानेक गेला.
मातीला सतरा माणसं.
ज्यांची कंबाइनं त्यानं उधारीवर दुरुस्त केली
ते निदान दोनशे जण त्या सकाळी
आपापल्या गुरांना चारा टाकत होते,
आणि रेडिओ चालू होता प्रत्येकाच्या गाडीत.
एक मऊ आवाज सांगत होता,
तो प्रत्येकाला नावानं ओळखतो.
ओळखत असेल.
मीही ओळखायचे. डुकरांच्या भावानंतर लगेच.

तरी एक गोष्ट उरली.
कायदाच आहे तसा: दर तासाला स्टेशननं
आपली चार अक्षरं सांगायची, आणि आपलं गाव.
सहीच्या दिवशी त्या माणसानंच विचारलं,
तुम्ही बोलाल का, बाई?
मी बोलले. एकदाच, न अडखळता.
पंचवीस डॉलर दिले त्यानं. मी घेतले.

त्यामुळे आता दोन प्रवचनांच्या मधल्या फटीत
दर तासाला चार सेकंद मी असते,
रात्री तीनलासुद्धा, झोपेत असताना,
ड्राय फोर्क, नेब्रास्का, म्हणत असते
अंधारातल्या मक्याच्या खुंटांना.

काल दुकानात मिलाडानं माझी बाही धरली.
तिची मांजर चार दिवस घरी आली नाही.
तू बोलतेस ना अजून, तेवढं सांगून टाक की.
मी म्हटलं, अगं, ती मी नाही, ती टेप आहे.
हो हो, म्हणाली ती,
आणि पिठाच्या पिशवीचा तुकडा फाडून
त्यावर नंबर लिहून माझ्या खिशात कोंबला.

आत्ता आठ वाजायला मिनिटभर आहे.
चुलीवर बटाटे. खिडकीबाहेर लाल दिवा, शाबूत.
रेडिओवरचा भला माणूस आमेनपर्यंत आलाय.
मग मी येते. चार अक्षरं. गाव.
आणि तिथं, टेप संपते त्याच्या पुढं,
मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचते:
करडी मांजर, डावा कान फाटका,
हाक मारली तर येत नाही, डबा वाजवला तर येते.
पुढचं प्रवचन सुरू झालेलं असतं.
मी फोन नंबर दोनदा सांगते,
नेहमीसारखा, सावकाश,
कुणी पेन्सिल शोधत असेल म्हणून.