वर्ग

एक तारखेला पगार खात्यात वर्ग होतो.
एकोणचाळीस हजार दोनशे.
मोबाइल पर्समध्ये थरथरतो तेव्हा
मी आठवी ‘ब’ला शेकडेवारी शिकवत असते.

तीन तारखेला कंपूवरच्या एटीएममधून
बावीस हजार काढायचे,
खाकी पाकिटात घालायचे, वर नाव लिहायचं नाही,
मधल्या सुट्टीत भदौरियाजींच्या टेबलावर ठेवायचे.
ते मोजतात. बोटाला थुंकी लावून, दोनदा.
गणिताच्या बाईंचे पैसे दोनदा!
त्याचं मला वाईट वाटत नाही.
वाईट वाटतं ते नंतर चहा विचारतात त्याचं,
आणि मी घेते त्याचं.

शाळेत सगळं हिंदीत, उरलेले मात्र मी मराठीतच मोजते.
सतरा हजार दोनशे.
जिवाजीगंजच्या दोन खोल्या, बाबांचा दम्याचा पंप,
आणि वीस तारखेनंतर
दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची.

जुलैत शाल्मलीच्या शिष्यवृत्तीसाठी
तहसिलीत उत्पन्नाचा दाखला काढायला गेले.
बाबूनं पासबुक उलटंपालटं केलं आणि म्हणाला,
‘मॅडम, आप तो मिडिल क्लास में आती हैं.’
अभिनंदन केल्यासारखं.
मागे रांगेत एका टेम्पोवाल्याची बायको होती.
तिनं माझ्याकडे पाहिलं
आणि जरा सरकून मला बाहेर पडायला वाट दिली.
मी वर्ग घेते, पगार वर्ग होतो,
आता मलाही एक वर्ग मिळाला होता.

पाकिटाचं कुणाला सांगणार?
पाकिटाला पावती नसते,
पगारपत्रकावर सही माझी असते,
तिकिटावर, पूर्ण नावानिशी:
वैदेही मधुसूदन तामसकर.

शाल्मली म्हणाली, मग आपण नक्की कोण गं?
मी म्हटलं, सरासरी काढ.
ती नववीत आहे, पेन्सिल लागली नाही तिला.
‘अठ्ठावीस हजार दोनशे.’
मग थोडं थांबून,
‘पण एवढे तर कुणालाच मिळत नाहीत.’

रात्री वह्या तपासल्या. बेचाळीस.
एका पोरानं पाचवं गणित बरोबर सोडवून
उत्तरावर काट मारली होती,
खाली शेजाऱ्याचं चुकीचं उतरवलं होतं.
खोडलेलं वाचता येत होतं.
मी पूर्ण गुण दिले,
समासात लाल शाईनं लिहिलं, ‘काटा क्यों?’
सही केली, तारीख घातली.
उद्या तीन.