घट

सयाजी विट्याला आला की कुठल्याही दुकानाच्या दारात
आधी चपला काढतो.
वाणी म्हणतो, घाला की, देऊळ हाय का ह्ये?
तो हसून मान हलवतो,
आणि ती मान हो म्हणते का नाही
हे आमच्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही.

माझा चुलतभाऊ. जन्म मदुराईचा.
काका तिथं गलाईचं दुकान घालून बसले.
भिंतीपलीकडं विणकरांचे माग,
समोर रहमतबीची खाणावळ,
आणि वरच्या मजल्यावर मुत्तुलक्ष्मी अक्का,
जिनं त्याला पहिला घास भरवला,
कारण काकू तेव्हा काविळीनं अंथरुणात होती.
शाळेत सिस्टरांनी गुडघे टेकायला लावले,
घरी काकांनी पहाटे जोर काढायला.

तिथं त्याला सेटू म्हणायचे,
इथं मद्राशी.
दोन्हीकडं तो भांडला,
आणि दोन्ही वेळेला शिवी चुकीच्या भाषेत निघाली.

पैसे तमिळमध्ये मोजतो.
देवाजवळ काही मागायचं झालं तर इंग्रजीत,
म्हणतो, त्या भाषेत मागायची लाज वाटत नाही.
लाखाचं सोनं उशाशी ठेवून घोरतो
आणि सुट्ट्या दोन रुपयांसाठी
कंडक्टरशी कऱ्हाडपर्यंत वाद घालतो.
मटण सोडलंय, तरी जत्रेतल्या रश्श्याचं मीठ
त्यालाच चाखून सांगायचं असतं.
खोटं मात्र मराठीत. मला ओळखू येतं,
कारण तेव्हा तो फार गोड बोलतो.

एकदा विचारलं, तू नक्की कसला रे?
म्हणाला, मूस तापली की आत
तांबं चांदी कुणी कुणाला परकं नसतं, नंदा.
तेजाब ओतला की मग ओळखी निघतात.
काकांची बोटं त्या तेजाबानं पिवळी झालेली,
हळदीच्या पेठेतल्या हमालासारखी.

दसऱ्याला इथं एकाच देवाच्या दोन पालख्या
एकमेकींना मागं टाकायला धावतात.
आम्ही जन्मापासून ठरलेल्या बाजूचे.
सयाजी आधी हिच्यामागं पळाला,
मध्येच वळून तिच्यामागं.
दोन्हीकडच्या पोरांनी हासडल्या, सदऱ्याची बाही गेली.
कोण जिंकलं रं, विचारलं तर म्हणाला, देव.
रात्री गच्चीवर हळूच म्हणाला,
खरं सांगू? मला धुरळ्यात काही दिसलंच नाही.

त्याच हिवाळ्यात काका गेले.
रक्षा इकडं आणली. दहाव्याला येरळेच्या काठी
पिंड मांडला, कावळा येईना.
थोरले एकेक वचन देऊन थकले:
पोराचं लगीन करू, दुकान चालवू, शेत विकणार न्हाय.
सयाजी कोरडा उभा, विटेसारखा.
मग एकाएकी ओरडला, काक्का, काक्का,
अक्का रोज जेवणाआधी कठड्यावर भात ठेवून
कावळ्याला हाक मारायची, तशी.
तिकडं कावळ्यालाच काक्का म्हणतात,
हे मला नंतर कळलं.
तेव्हा वाटलं, माझ्याच काकांना हाक मारतोय,
आयुष्यभर ज्यांना दादा म्हणाला त्यांना.
भटजी रागावले. कुणीतरी हसलं.
हसणाऱ्यांत तोही होता, आणि मग हसता हसताच
त्याचं तोंड वाकडं झालं.

काकांच्या वहीत शेवटचा रकाना घटीचा.
वितळवलं की वजन थोडं कमी भरतं.
कुठं जातं ते?
धुरातनं जातं, म्हणाला. थोडं अंगाला बसतं.
म्हणून दादा आंघोळीचं पाणीसुद्धा
ओतू द्यायचे नाहीत.

आज पहाटेच्या गाडीनं तो गेला.
मी न्हाणीत गेले तर पाणी तुंबलेलं,
मोरीच्या भोकात
फडक्याचा बोळा नीट दाबून बसवलेला.
आमच्याकडं सोनं नसतं रे बाबा,
मी मोठ्यानं म्हणाले.
बोळा काढायला वाकले
आणि बराच वेळ तशीच.