जाळीचे वळ

कोच हुडाक अंघोळीला उतरले की आम्ही पोरं
त्यांच्या पाठीकडे बघत राहायचो.
उजव्या खांद्याखाली चौकटी होत्या,
फिकट, गणिताच्या वहीसारख्या.
"नॅन्टिकोक," ते म्हणायचे, "एकोणीसशे बारा,"
आणि साबण मागायचे.

तेव्हा खेळ पिंजऱ्यात चाले.
चारही बाजूंनी तारेची जाळी, दोन पुरुष उंच,
आत दहा माणसं, एक पंच,
एक चेंडू, बुटासारखा नाडी बांधलेला.
नाडीवर पडला तर कुठे उसळेल, देव जाणे.
बाहेर खाणीतून थेट आलेले लोक,
तोंडं काळी, टोपीवर दिवा अजून पेटता.
दिव्यावर खिळा तापवायचा,
पाहुणा फ्री थ्रोला उभा राहिला
की जाळीतून त्याच्या पोटरीला टेकवायचा.
एकदा घरच्यांनीच टेकवला म्हणे,
आदल्या शनिवारी दोन चुकवले होते म्हणून.
हे सांगताना हसायचे.
पोटरी मात्र कधी दाखवली नाही.

बाप स्लोव्हाक, जन्मभर कोळसा फोडलेला.
पहिल्या रात्रीचे तीन डॉलर
श्टेफानने टेबलावर मांडले,
तर म्हाताऱ्याने एकेक नाणं चावून पाहिलं,
दोन उचलली, एक परत सरकवलं,
आणि दिवा मालवून झोपायला गेला.
आई अंधारातच जुनी रजई उसवत बसली,
पोराच्या गुडघ्यांना गाद्या शिवायला.

सोमवारी स्क्रँटनकडून, बुधवारी स्क्रँटनविरुद्ध,
जो डॉलरभर जास्त देईल त्याचा सदरा.
टोपलीमागे कोळशाची शेगडी,
मैदानाच्या मधोमध एक खांब, आणि तो काही केल्या सरकेना,
तेव्हा त्याच्याच आडून पळायला शिकले.
खेळ संपला की जाळी उकलून भिंतीला टेकवत,
फरशीवर मेण टाकत, बँड सुरू होई.
हे कोपऱ्यात कान दाबून बसलेले,
रक्ताचा थेंब कुणाच्या झग्यावर पडू नये म्हणून.

मग गुडघा गेला. मग ओहायो, आमचं कॉलेज.
जाळी नसलेलं मैदान, खडूची एक रेघ.
पहिल्याच दिवशी चेंडू रेघेबाहेर गेला,
पंचाने शिट्टी फुंकली,
आणि कोच पुतळ्यासारखे उभे.
"बाहेर जातो?" त्यांनी विचारलं. "म्हणजे संपलं?"
पिंजऱ्यात चेंडूला बाहेर नव्हतंच.
जाळीवर आदळायचा, परत यायचा,
माणूसही तसाच.
त्याच हिवाळ्यात सवयीने टेकायला गेले
आणि रिकाम्या हवेतून थेट पहिल्या रांगेत,
प्राचार्यांच्या बायकोच्या मांडीवर.

एकवीस वर्षं शिकवलं.
जिंकलेले सामने विचारले तर आठवत नसत,
हरलेल्यांचे आकडे तोंडपाठ.
मी साडेसहा फूट उंच आणि तितकाच निरुपयोगी,
मला म्हणाले, "तू फक्त खांब हो,
बाकीचे तुझ्याआडून जातील."
आयुष्यात मला इतकं नेमकं कुणी काही सांगितलं नाही.

शेवटचे भेटले तेव्हा परत नॅन्टिकोकलाच होते.
मागच्या अंगणात कोंबड्या, तारेच्या जाळीत.
जाळी गंजलेली, जागोजागी सांधलेली,
एका कोपऱ्यात लाल रंगाचा जुना ठिपका.
"हॉल पाडला ना, लिलावात घेतली. सहा डॉलर.
जास्तच लावले मी."
दाणे टाकत होते ते, दोन्ही हातांनी, खालून वर,
फ्री थ्रो टाकावा तसे,
आणि मी आतलं नीट दिसावं म्हणून
गाल जाळीला टेकवून उभा होतो.

परतीच्या बसमध्ये काचेत पाहिलं.
स्क्रँटन येईपर्यंत
गालावर चौकटी होत्या.